झाकणाच्या आतलं नाव

"सध्या काय करतोस?" हा प्रश्न लग्नकार्यात एखाद्या पोराला विचारा, ते श्रीखंडाची वाटी उचलून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसतं. मला मात्र हाच प्रश्न विचारण्याचा पगार मिळत होता, आणि तोही थोडेथोडके दिवस नाही, चांगली बावीस वर्षं.

आमच्या धारच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. हे म्हणाले, "डॉक्टर लिहितात, इंजिनियर लिहितात. तू काय लिहिणार? हॅलो हॅलो?" त्यांचंही फार चुकलं नाही. धारमधल्या एका तांत्रिक प्रशिक्षण संस्थेत माझं एक टेबल होतं, त्यावर एक फोन आणि एक जाडजूड रजिस्टर. पोरं मला समोर 'मॅडम' म्हणत आणि पाठीमागे 'फोनवाली'.

बाहेरच्यांना हे काम काय असतं ते आधी सांगते. आमच्याकडे मुलं फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असं काहीबाही शिकायला येतात. शिकून झालं की प्रमाणपत्र मिळतं, पायरीवर उभं राहून फोटो निघतो, समोसे वाटले जातात आणि मुलं आपापल्या वाटेला लागतात. त्यानंतर त्यांचं काय होतं? हाताला काम मिळालं का, मिळालं तर शिकलेलंच का, की वेल्डिंग शिकून कुठे कपडे विकतायत? हे शोधून काढायचं काम माझं. तीन महिन्यांनी एकदा विचारायचं, सहा महिन्यांनी एकदा, वर्षानं एकदा. उत्तर रजिस्टरच्या रकान्यात भरायचं. संस्थेला पैसे देणारी वरची मंडळी तो रकाना पाहूनच ठरवतात, कोणता वर्ग चालू ठेवायचा आणि कोणता बंद करायचा. म्हणजे टेबल कोपऱ्यातलं असलं तरी चावी तिथेच होती, हे मला फार उशिरा उमगलं.

सुरुवातीला पोस्टकार्डं टाकायचे. मग फोन आले आणि काम सोपं होईल असं वाटलं. कसलं सोपं! आमची पोरं सिमकार्ड चपलेसारखं बदलतात. म्हणून मी प्रत्येकाकडून तीन नंबर घ्यायचे. एक स्वतःचा, एक घरचा. तिसरा मागताना मी सांगायचे, "घरच्यांशी कडाक्याचं भांडण झालं तरी तू कुठे आहेस हे ज्याला ठाऊक असतं, त्याचा दे." पोरं लाजायची, खाली बघायची आणि बरोबर नंबर द्यायची. बहुतेकांचा मामा असायचा. एकानं गावातल्या हलवायाचा दिला होता. त्या हलवायाला पोराच्या आईपेक्षा जास्त माहिती असायची.

नालछ्याकडची कितीतरी मुलं कामाला गुजरातेत जातात. त्यांचे तिन्ही नंबर बंद असले तरी मी घाबरत नसे. होळीच्या आधी आदिवासींचा भगोऱ्याचा बाजार भरला की झोळीत रजिस्टर टाकून मी नालछ्याची बस धरायची. वर्षभर ज्याचा फोन लागला नाही, तो ढोलापुढे नवा शर्ट घालून नाचताना सापडायचा. मला बघून म्हणायचा, "मैडम, यहाँ भी?" मी म्हणायची, "पहले बता, क्या कर रहा है. फिर नाच."

कोणी सापडलंच नाही तर रकान्यात लिहायचं असतं: 'पत्ता लागला नाही.' ही तीन शब्दांची हार मला अजिबात खपत नसे. आजूबाजूच्या संस्थांची रजिस्टरं या शेऱ्यानं भरलेली असत. माझ्या रजिस्टरात तो शेरा दिवा घेऊन शोधावा लागे, आणि याचा मला गर्व होता. गर्वाचं घर खाली, ते कसं, ते पुढे येईलच.

त्याआधी कैलासचं सांगते, कारण एक धडा मी त्याच्याकडून शिकले. कैलास आमच्याकडे गाड्यांची वायरिंग शिकला. तीन महिन्यांनी फोन केला तर म्हणाला, पीथमपूरच्या फॅक्टरीत लागलोय, सगळं बढिया आहे. सहा महिन्यांनीही तेच. पण दोन्ही वेळा त्याच्या बोलण्यामागे ट्रकचे भोंगे वाजत होते आणि कोणीतरी ओरडत होतं, "भिया, दो दाल और!" पीथमपूरच्या कुठल्या फॅक्टरीत डाळ ओरडून मागतात, असं माझ्या मनात आलं. तिसऱ्या नंबरावर त्याची मावशी होती. ती म्हणाली, तो तर धामनोदला आहे.

मी धामनोदला गेले. हायवेवरच्या एका ढाब्यामागे ट्रकांची रांग लागली होती आणि कैलास एका ट्रकखालून फक्त पायांनी दिसत होता. बाहेर आला, मला पाहिलं आणि काळ्या हातांनी तोंड लपवायला गेला. निरोप समारंभात मीच पोरांना भाषण ठोकलं होतं की कारखान्याच्या फाटकातून आत जाल तो दिवस सोन्याचा. कारखाना त्यानं पंधरा दिवसांत सोडला होता आणि मला तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती. मग हळूच म्हणाला, "मैडम, वहाँ दिनभर एक ही पेंच कसना था. यहाँ हर गाड़ी अलग बीमारी लेकर आती है." मागे चार ट्रकवाले त्याच्यासाठी ताटकळत उभे होते. मला इतकं कौतुक वाटलं त्याचं, आणि स्वतःच्या भाषणाची तितकीच शरम. त्या दिवसापासून मी पोरांच्या शब्दांबरोबर शब्दांमागचे आवाजही ऐकायला लागले. नव्या लोकांना मी हा नियम मोठ्या ऐटीत शिकवायची.

आता ज्योतीकडे येते.

आमच्या संस्थेत मुलींसाठी मोटर वाइंडिंगचा एक वर्ग काढला होता. आमच्या भागात त्याला लोक 'मोटर बाँधना' म्हणतात. विहिरीवरची पाण्याची मोटर वीज कमीजास्त झाली की जळते. मग ती उघडून आतली जळकी तार कापून काढायची आणि तितकीच, तेवढेच वेढे देऊन नवी तार भरायची. वर लाल वार्निश चढवायचं आणि वाळवायचं. रब्बीच्या दिवसांत गव्हाला पाणी हवं असतं तेव्हाच मोटरी जळतात, त्यामुळे हे काम जाणणाऱ्याच्या दारात गर्दी. वर्ग शिकवणाऱ्या उस्तादांचा एक मंत्र होता, "काटने से पहले गिनो." जळक्या तारेचे वेढे मोजून वहीत लिहून ठेवल्याशिवाय कात्री लावायची नाही, नाहीतर मोटर कशी होती ते कायमचं हरवतं.

ज्योती त्या पहिल्या वर्गातली, धारमधल्याच आपल्या मराठी घरातली. वडील पीथमपूरला चौकीदार होते. बोटं सडपातळ, नजर पक्की. तिनं भरलेली तार विणकाम केल्यासारखी दिसायची. परीक्षा झाली आणि महिन्याभरात लग्न ठरलं, लोहारद्याचं घर. पेढे द्यायला आली तेव्हा सासरचा नंबर माझ्या रजिस्टरात स्वतःच्या हातानं लिहून गेली. म्हणाली, "मॅडम, तीन महिन्यांनी फोन कराल ना?"

मी केला. तिचा स्वतःचा नंबर बंद होता. वडील नोकरी सोडून कुठे दूर गेले होते, त्यांचाही नंबर बंद. सासरच्या नंबरावर एका वयस्कर बाईनं उचललं. मी विचारलं, ज्योती आहे का? बाई म्हणाल्या, "आमच्याकडे कोणी ज्योती-व्योती नाही हो. रॉंग नंबर." नंबर तर ज्योतीनं स्वतः लिहिलेला, म्हणून मी म्हटलं, मग सूनबाई काही काम करतात का? "सून घरातच असते. भगवान का दिया सब है," म्हणाल्या आणि फोन ठेवला. बोलताना मागे काहीतरी घरघरत होतं. मी मनाशी म्हटलं, शेजारी पिठाची गिरणी असेल. सहा महिन्यांनी पुन्हा तेच झालं, तीच बाई, तेच उत्तर, तीच घरघर. ज्योतीच नाही म्हटल्यावर लोहारद्याला जाऊन तरी कोणाचं घर विचारणार? वर्षानं मी ओठ चावत लिहिलं: 'पत्ता लागला नाही.'

बाकीच्या मुलींचंही फार वेगळं नव्हतं. लग्न झालं, घरी आहे, घरकाम. मी विचारायची, "नोकरी आहे का?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "नहीं." मी 'नाही' लिहायची आणि पान उलटायची.

माझ्या निवृत्तीला सहाएक महिने उरले होते तेव्हा वरून पत्र आलं. ज्या वर्गातून कोणालाच काम मिळालेलं दिसत नाही, ते बंद करावेत. मुलींच्या वाइंडिंगच्या जागी शिवणवर्ग घ्यावा. पंधरा दिवसांत कळवा. आमचे प्राचार्य भला माणूस, पण कागदाच्या पलीकडे बघणारा नव्हे. त्यांनी नव्या वर्गासाठी आलेले मुलींचे अर्ज बाजूला ठेवायला सांगितले.

त्या अर्जांतली एक मुलगी माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. सुनीता, नालछ्याच्या पलीकडच्या एका गावची. सोबत वडील, हातात चपला धरून दाराबाहेरच उभे. मी तिला समजावलं की शिवणकामातही पोट भरतं. ती म्हणाली, "सिलाई तो मेरी माँ भी कर लेती है, मैडम. हमारे कुएँ की मोटर जलती है तो बापू कंधे पर उठाकर धार लाते हैं. मिस्त्री उनसे सीधे मुँह बात नहीं करता. मुझे मोटर सीखनी है."

मी म्हटलं, बघते. बघते म्हणजे काय बघणार होते? रजिस्टर माझं, अक्षर माझं, 'नाही नाही नाही' असं ओळीनं लिहिलेलं. त्या मुलीच्या वाटेत जो धोंडा होता, तो मीच ठेवला होता, आणि तो खरा आहे असंच तेव्हा मी समजत होते.

त्याच आठवड्यात देवासला माझ्या भाच्याचं लग्न होतं. माझं माहेर देवासचं. नवी नवरी माप ओलांडून आत आली, ताटात तांदूळ पसरले आणि भाच्याच्या हातात अंगठी दिली, तांदळावर बायकोचं नवं नाव काढायला. नवरी बँकेत नोकरीला, तिला नाव बदलायचं नव्हतं. पण आमच्या आक्काआत्या बसल्या होत्या अडून, तांदळावर नाव काढल्याशिवाय लक्ष्मी घरात येत नाही म्हणून. शेवटी भाच्यानं शक्कल लढवली. त्यानं तिचं होतं तेच नाव तांदळावर काढलं. आक्काआत्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, त्या खूश झाल्या.

मग पेढा चघळत त्यांना जुनं काही आठवलं. मला शशी म्हणणाऱ्या त्या आता एकट्याच उरल्या आहेत. माहेरी मी शशिकला होते. लग्नात माझंही नाव तांदळावर निघालं, मंगला. आक्काआत्या सगळ्यांना सांगू लागल्या, "या शशीची शाळेतली मैत्रीण हिला शोधत धारला गेली होती. घर बरोबर, गल्ली बरोबर. दारातून हिच्या सासूबाईंनी परत लावली तिला, की इथे कोणी शशिकला राहत नाही. आणि ही आत भाकऱ्या थापत होती!"

सगळे खो खो हसले. हा किस्सा आमच्याकडे नेहमीचा, मीही नेहमी हसायची. त्या दिवशी मात्र हातातला पेढा हातातच राहिला. आमच्याकडे कोणी ज्योती नाही. अगं बाई, कशी असेल! जिचं स्वतःचं नाव असं पुसून गेलं, त्या बाईला फोनच्या या टोकाला बसून हे सुचू नये? उस्तादांनी सांगितलं होतं, कापण्याआधी मोजा. मी न मोजता कापून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आहेराच्या साडीवरच मी फोन लावला. त्याच बाई. या वेळी विचारलं, "माई, धारहून आलेली तुमची सून आहे का?" बाई म्हणाल्या, "अन्नपूर्णा ना? आहे की. पण आत्ता नाही यायची, तिचे हात खराब आहेत." मागे घरघर चालूच होती. गिरणी नव्हती ती. बांधून झालेली मोटर कोणीतरी चालवून बघत होतं.

देवासहून इंदूर आणि इंदूरहून पुढची बस धरून मी लोहारद्याला पोचले. बाजारात उतरून एका दुकानदाराला विचारलं, अन्नपूर्णाबाईंचं घर कुठे? तो म्हणाला, "मोटरवाली भाभी? वो देखो भिया लोग खड़े हैं जहाँ." सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढे मोटरसायकली उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर मागे दोरीनं बांधलेली एक जळकी मोटर. पाटीवर नाव होतं नवऱ्याचं, आणि खाली 'साइकिल रिपेयर'.

आत अंगणात ज्योती बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर मोटरीचं पोट, बोटं लाल वार्निशनं रंगलेली. मला पाहून उठली तर वेढ्यांची गिनती चुकेल म्हणून उठली नाही. फक्त हसली आणि ओठांतल्या ओठांत मोजत राहिली. मला तिचं हे वागणं इतकं आवडलं की मीही चौकटीत उभी राहून तिच्याबरोबर मोजू लागले.

सासूबाईंनी मला पाट दिला, चहा दिला, मग जरा फणकाऱ्यानं म्हणाल्या, "त्या फोनवाल्या तुम्हीच का? कोणी अनोळखी बाई नव्या सुनेला माहेरच्या नावानं मागते, मला काय कळावं? आमच्याकडे आली ती अन्नपूर्णा." मी विचारलं, मग काम करत नाही असं का सांगितलंत? त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. "काम म्हणजे नोकरी ना? ती कुठे जाते नोकरीला? घरातच असते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दहा गावांचे लोक येतात हो तिच्याकडे. मी पोळ्या करते दोन्ही वेळच्या. तिच्या बोटांना ते वार्निश असतं, कणीक कशी मळणार?" नाव अन्नपूर्णा ठेवलेल्या सुनेला चुलीपासून दूर ठेवून स्वतः पोळ्या लाटणारी ती सासू बघून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. त्या बाईला मी दोन वर्षं मनातल्या मनात नावं ठेवली होती.

गिनती संपल्यावर ज्योती आली. मी तिला सगळं सांगितलं, पत्र, शिवणवर्ग, नालछ्याची सुनीता. मी नोकरी आहे का असंच विचारत राहिले आणि चुकले, हेही कबूल केलं. मग माझी अडचण सांगितली. कागदावर दुकान नवऱ्याचं, पाटी सायकलची. काम ही करते याला पुरावा काय? नवरा तिथेच चाकाची हवा तपासत होता. तो म्हणाला, "मैं तो सिर्फ़ उठाके लाता हूँ, मैडम. मोटर खोलनी मुझे आती नहीं." पण नवऱ्याच्या बोलण्याला वरचे लोक कागद म्हणत नाहीत.

ज्योतीनं आधी वही आणली. उस्तादांनी शिकवलेल्या पद्धतीनंच, प्रत्येक मोटरीचं गाव, किती खाचा, किती वेढे, कितव्या नंबरची तार. वह्या तीन होत्या. मग ती अंगणाच्या कोपऱ्यात गेली. तिनंच वर्षापूर्वी बांधलेली एक मोटर बेअरिंगसाठी परत आली होती. तिनं नट काढले, बाजूचं लोखंडी झाकण सोडवलं आणि आतली बाजू माझ्यासमोर धरली. लाल वार्निशनं, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'ज्योती, धार.' खाली तारीख.

"प्रत्येक मोटरीत लिहिते," ती म्हणाली. "बाहेरून कोणाला दिसत नाही. अन्नपूर्णा म्हणतात ते आवडतं मला, मॅडम, माईंनी प्रेमानं ठेवलंय. पण हे काम ज्योती शिकली होती."

सासूबाईंनी वाकून झाकणात पाहिलं. त्यांनाही ते पहिल्यांदाच दिसत होतं. पदराच्या टोकानं त्या अक्षरांवरची धूळ पुसली आणि झाकण सुनेच्या हातात परत दिलं. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

धारला परतल्यावर मी त्या वर्गातल्या सगळ्या मुलींना पुन्हा फोन लावले. माहेरच्या नावानं नाही, आणि नोकरी आहे का असंही नाही. फक्त एवढंच विचारलं, "काल दिवसभर हातांनी काय केलंस?" एकीनं काल भावाबरोबर दोन मोटरी बांधल्या होत्या. धामनोदची एक गल्लीभरचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत होती आणि त्याला 'टाइमपास' म्हणत होती. बाकीच्या खरोखरच घरी होत्या, तेही मी तसंच लिहिलं. खोटा रकाना मला भरायचा नव्हता.

झाकणाचे फोटो, वह्यांची पानं आणि रजिस्टर घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी सगळं पाहिलं आणि चष्मा काढून म्हणाले, "मंगला जी, आपके ही हाथ से लिखा है 'पता नहीं चला'. अब बदलेंगे तो पूछेंगे, पहले किसने ग़लत भरा. आपके रिटायरमेंट को छह महीने हैं." ते माझ्या भल्याचंच बोलत होते. बावीस वर्षांचं स्वच्छ रजिस्टर, त्यावर शेवटच्या पानाशी शेरा बसणार होता. खोटं कशाला सांगू, मी घरी जाऊन एक रात्र विचार केला. निवांतपणे निरोपाचा हार घालून घ्यावा असं मलाही वाटलं.

पण डोळे मिटले की दाराबाहेर चपला हातात धरून उभे असलेले सुनीताचे वडील दिसायचे. सकाळी मी एका पानावर लिहून दिलं की या वर्गाच्या नोंदी मी चुकीच्या प्रश्नानं घेतल्या, विवाहित मुलींना माहेरच्या नावानं शोधलं, चूक माझी आहे, सोबत दुरुस्त नोंदी. खाली सही केली. अपेक्षेप्रमाणे माझ्या नावानं वरून 'निष्काळजीपणा' असा शेरा आला. शेरा आला तशी वर्ग चालू ठेवण्याची परवानगीही आली. शेरा माझ्याकडे फाइलमध्ये आहे आणि मी तो कोणालाही दाखवते.

रजिस्टरात मी दोन रकाने वाढवले, लग्नानंतरचं नाव आणि काल केलेलं काम. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी ज्योतीला बोलावलं होतं. सोबत सासूबाई आल्या, डब्यात पोळ्या घेऊन. ज्योती भाषणबिषण काही करू शकली नाही. तिनं एक मोटर उघडली, वेढे कसे मोजायचे ते दाखवलं आणि झाकण उलटं करून मुलींच्या हातात फिरवलं. सुनीतानं ते सगळ्यांत जास्त वेळ धरून ठेवलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी निवृत्त झाले. हार घातला, समोसे झाले, पायरीवर फोटो निघाला.

निवृत्त माणसाला फोन येत नाहीत, असं म्हणतात. मला तर जन्मभर फोन करायचीच सवय, येण्याची नव्हेच. परवा दुपारी मेथी निवडत बसले होते आणि फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडून आवाज आला, "मैडम, ट्रेनिंग को तीन महीने हो गए. आपका फोन नहीं आया."

मी ओळखलं. म्हटलं, "बेटा, मैं तो रिटायर हो गई. अब दूसरी मैडम फोन करती हैं."

"उनका आया था. उनको बता दिया," सुनीता म्हणाली. "आपको भी बताना था."

माझ्या तोंडून सवयीनं प्रश्न निघाला, "कल क्या काम किया?"

"बापू की मोटर जल गई थी. इस बार धार नहीं ले गए." मागे पाणी पडत असल्याचा आवाज येत होता, विहिरीवरूनच बोलत होती. "मैंने बाँधी, मैडम. अकेले. ढक्कन के अंदर नाम भी लिखा है."

मी विचारलं, नाव तेच आहे ना अजून? ती हसली. "अभी तो वही है. बदलेगा तो सबसे पहले आपको बताऊँगी."

रजिस्टर आता माझ्याकडे नाही. उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि त्या तारखेच्या चौकोनात मेथीच्या हातानंच लिहिलं: सुनीता, नालछा. पत्ता लागला.